रेझिन चिकट राहिलं? हार्डनर वाढवण्याआधी या चुका टाळा

पाऊस लागला की मला एकाच तऱ्हेचे फोन येतात. "दादा, चार दिवस झाले, टेबलावरचं रेझिन अजून बोटाला लागतंय. हार्डनर जरा जास्तच टाकला होता, तरी!" बहुतेक वेळा दुखणं त्या 'जास्तच'मध्ये असतं.

आपण हार्डनरला विरजण समजतो. विरजण थोडं कमी-जास्त झालं तर दही लवकर किंवा उशिरा लागतं, पण लागतं. फायबरग्लासच्या पॉलिस्टर रेझिनमध्ये हे बऱ्यापैकी खरंही आहे. तिथे एमईकेपी नावाचा हार्डनर १ ते २ टक्के घालतात, तो फक्त रेणूंची साखळी सुरू करून देतो. ही सवय घेऊन माणूस इपॉक्सीकडे, म्हणजे टेबलावर ओततात त्या रेझिनकडे, येतो आणि फसतो.

इपॉक्सी वाळत नसतं. डिस्टेंपर वाळतो, कारण त्यातलं पाणी उडून जातं. इपॉक्सीतून तसं काही उडून जायचं नसतं. रेझिनच्या रेणूच्या दोन्ही टोकांना तीन अणूंचं ताणलेलं कडं असतं. हार्डनरमध्ये अमाइन नावाचं रसायन असतं, त्याच्या नायट्रोजनवर हायड्रोजन असतात. एका हायड्रोजनने एक कडं उघडायचं, तिथे कायमचा सांधा बसायचा, आणि असे सांधे चहूबाजूंनी बसले की घट्ट जाळं विणलं जातं. म्हणजे हार्डनर त्या जाळ्याचाच धागा आहे. साध्या बिस्फेनॉल-ए रेझिनला टेटा हे अमाइन वापरलं तर हिशेब १०० ग्रॅमला जेमतेम १३ ग्रॅम येतो. तुम्ही २० घातलेत, तर जादा अमाइनला जोडायला कडी उरत नाहीत. धागे अर्धवट लोंबकळतात आणि माल मऊ, चिवट राहतो.

बाजारातल्या प्रत्येक हार्डनरचा हिशेब वेगळा असतो, म्हणून डब्यावरचं प्रमाण वाचा. ते वजनाचं आहे की मापाचं, हेही बघा. इथे फार जण चुकतात. रेझिनची घनता १.१ आणि हार्डनरची ०.९५ असेल, तर मापाने २:१ म्हणजे १०० ग्रॅमला ५० नव्हे, साधारण ४३ ग्रॅम. वजनाचा काटा घ्या. अंदाजपंचे चालत नाही.

आता दुसरा प्रकार. सगळं टेबल काचेसारखं झालंय आणि मध्येच तळहाताएवढा डाग चिकट. असा डाग दिसला की मी पहिला प्रश्न विचारतो: ओतून झाल्यावर कप उलटा करून ठेवला होता का? कपाच्या भिंतीला आणि तळाच्या कडेला न मिसळलेला माल चिकटलेला असतो. शेवटचा थेंब वाया जाऊ नये म्हणून कप निथळत ठेवला की तोच नेमका टेबलावर उतरतो. भिंत-तळ खरवडत तीनेक मिनिटं सावकाश ढवळा, मग सगळं दुसऱ्या कोरड्या कपात ओतून पुन्हा ढवळा. कपात उरलं ते उरू द्या.

पावसाळ्यातला चिकटपणा मात्र कधीकधी वरवरचाच असतो. हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड पृष्ठभागावरच्या अमाइनला गाठतात आणि मेणासारखा, तेलकट थर धरतो. याला ब्लश म्हणतात. तो पाण्यात विरघळतो. कोमट पाणी, थोडा साबण आणि हिरव्या घासणीने पुसून काढा, कोरडं करा, आणि मगच पॉलिश पेपर लावा. आधीच पेपर मारलात तर तो थर घासला जाऊन ओरखड्यांत बसतो आणि पुढचा कोट सोलून येतो. पीयू (पॉलियुरेथेन) कोटिंगला ओल आणखी बाधते. त्याच्या हार्डनरमधलं आयसोसायनेट पाण्याशी भिडून कार्बन डायऑक्साइड सोडतं, म्हणून कोटावर बुडबुडे आणि टाचणीएवढी भोकं दिसतात. हार्डनरचा डबा उघडा ठेवू नका.

उष्णतेचंही सांगतो. सांधे बसताना उष्णता निघते. पसरट ट्रेमध्ये ती हवेत जाते, उभ्या कपात कोंडते. तापमान १० अंशांनी चढलं की वेग साधारण दुप्पट होतो, त्यातून आणखी उष्णता, आणि बघता बघता कप वाकून धूर निघतो. एका वेळी थोडाच माल कालवा आणि लगेच ओता.

बोटाला लागेनासं झालं म्हणजे काम झालं, असंही नाही. जाळं आवळत गेलं की रेणूंना हलायला जागा उरत नाही, आणि काही सांधे बसायचे राहतात. अशा टेबलावर चहाचा गरम कप ठेवला की गोल ठसा उमटतो, कारण साधारण ५० अंशांच्या पुढे ते मऊ पडतं. रेझिनला चालत असेल तर आठवड्याभराने काही तास ५०-६० अंशांची ऊब द्या.

'लवकर सेट होणारं द्या' म्हणणाऱ्यांना मी अमेरिकेतल्या बॉस्टनची गोष्ट सांगतो. १० जुलै २००६ रोजी तिथल्या बोगद्याच्या छताचे काँक्रीटचे स्लॅब एका गाडीवर कोसळले आणि एका महिलेचा जीव गेला. छताचे बोल्ट इपॉक्सीत बसवले होते. तपासात निघालं, की वापरलेला जलद सेट होणारा प्रकार कायमच्या ओढीखाली हळूहळू सरकत होता. बसवले तेव्हा बोल्ट घट्टच वाटत होते.

मग चिकट राहिलेल्याचं काय करायचं? थंडीमुळे रेंगाळलं असेल तर ऊब दिल्यावर घट्ट होईल. प्रमाण चुकलं असेल तर कितीही तापवा, मऊच राहील. खरवडा, ॲसिटोनने पुसा, पुन्हा ओता. वरून नुसता हार्डनर कधीही चोपडू नका. आणि हातमोजे घाला. अमाइनची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही.

दर वेळी कालवलेल्या मालातला चमचाभर प्लॅस्टिकच्या झाकणात वेगळा काढून त्यावर तारीख टाका. टेबल मऊ आणि झाकणातला तुकडा कडक निघाला, तर दोष ओतण्यात किंवा ओलीत शोधा. दोन्ही मऊ निघाले, तर काटा तपासा.