फंक्शनमधून मध्येच बाहेर पडताय? या चुका टाळा

हास्केल ही फंक्शनल प्रोग्रामिंग भाषा नव्याने शिकणाऱ्यांच्या कोडमध्ये एक बग हटकून सापडतो. फाइलचं नाव रिकामं असेल तर थांबायचं, म्हणून 'व्हेन' (अट खरी असेल तरच दिलेलं काम करणारं फंक्शन) लावून पुढे 'रिटर्न' लिहिलेलं असतं. तरीही प्रोग्राम खाली जाऊन ती फाइल उघडायला बघतोच. कंपायलर काही बोलत नाही, कारण त्याच्या दृष्टीने काहीच चुकलेलं नाही. हास्केलचं 'रिटर्न' हे एक साधं फंक्शन आहे. ते व्हॅल्यू मोनॅडमध्ये (पायऱ्या एकामागून एक जोडणाऱ्या वेष्टनात) गुंडाळून देतं, बस्स. डू-ब्लॉकच्या, म्हणजे ओळीने लिहिलेल्या पायऱ्यांच्या गटाच्या, मधोमध लिहिलंत, तर ती व्हॅल्यू वाया जाते आणि पुढची ओळ सुरू होते. मी तर त्याऐवजी तेच काम करणारं 'प्युअर' लिहायचा आग्रह धरते. निदान नावामुळे होणारी फसगत टळते.

मग थांबायचं कसं? एकच तपासणी असेल तर उरलेलं सगळं काम 'एल्स'मध्ये टाका. तपासण्या वाढल्या की कोड उजवीकडे सरकत जातो. तेव्हा 'ईदर' वापरा. त्यात एरर 'लेफ्ट'मध्ये आणि बरोबर उत्तर 'राइट'मध्ये असतं; पहिला 'लेफ्ट' आला की पुढच्या पायऱ्या आपोआप गळतात. आयओमध्ये (फाइल वाचण्यासारख्या बाहेरच्या जगाशी संबंधित कामात) असाल तर नुसता 'ईदर' पुरत नाही, दोन्ही एकत्र करणारा 'एक्सेप्ट-टी' लागतो. इथेच बरेच जण अडकतात.

एलिक्सिर या भाषेत 'रिटर्न' नाहीच. तरी सवयीने वर एक 'इफ' लिहून त्यात एरर ठेवतात. त्या 'इफ'ची व्हॅल्यू कोणी घेतलेलीच नसते, म्हणून फंक्शनचं उत्तर शेवटच्या ओळीवरूनच ठरतं. गार्ड (अट) लावलेले फंक्शनचे वेगळे क्लॉज किंवा एकेक पायरी जुळली तरच पुढे जाणारं 'विथ' वापरा. मात्र सगळ्या पायऱ्यांच्या एरर एकाच 'एल्स'मध्ये कोंबू नका, कोणती पायरी फसली ते कळेनासं होतं. प्रत्येक पायरीची एरर तिच्या छोट्या फंक्शनमध्येच नीट आकारात आणा.

स्काला या भाषेत 'रिटर्न' आहे, पण लॅम्डाच्या (बिननावाच्या फंक्शनच्या) आत लिहिलेलं 'रिटर्न' आतून एक्सेप्शन फेकतं. वाटेत कोणी 'थ्रोएबल' (सगळ्या एक्सेप्शनचा मूळ प्रकार) पकडत असेल तर ते तिथेच गिळलं जातं आणि बग शोधताना जीव मेटाकुटीला येतो. स्काला ३.२ पासून ही पद्धत डेप्रिकेटेड (वापरू नये असं ठरवलेली) आहे, मध्येच बाहेर पडायला ३.३ मधलं 'बाउंडरी' घ्या.

यादी फिरताना लवकर थांबायचं असेल तर एलिक्सिरचं 'रिड्यूस व्हाइल' किंवा क्लोजर या भाषेचं 'रिड्यूस्ड' आहे. हास्केलमध्ये यादीतून एक उत्तर काढणाऱ्या फंक्शनांपैकी 'फोल्ड-आर' आळशी (गरज पडेल तेवढंच काम करणारा) असल्याने मध्येच थांबू शकतो, 'फोल्ड-एल' मात्र यादीच्या टोकापर्यंत जातोच.