जिग आणि हत्यारं घरी बनवताना या चुका टाळा

घरी बनवलेल्या कुठल्याही जिगमध्ये (काप किंवा कोन नेमका यावा म्हणून लाकूड किंवा हत्यार धरणाऱ्या साच्यात) खऱ्या अर्थानं नेमक्या लागणाऱ्या जागा एक किंवा दोनच असतात. क्रॉसकट स्लेडमध्ये (टेबल सॉवर लाकूड आडवं कापायच्या सरकत्या पाटात) फेन्स, म्हणजे तुकडा टेकवायची पट्टी, आणि पात्यामधला काटकोन, शूटिंग बोर्डमध्ये (लाकडाचं टोक रंध्यानं तासायच्या पाटात) ठेप आणि रंध्याची वाट यांच्यामधला काटकोन, लाकडी रंध्यात पात्याखालची बैठक. बाकीचं ढोबळ असलं तरी चालतं. नवशिका नेमकं उलटं करतो: कडा घासून गुळगुळीत करतो, वर पॉलिश मारतो आणि जी जागा पुढे हमखास हलवावी लागणार तिलाच गोंद लावून मोकळा होतो. खालच्या बहुतेक चुका म्हणजे याच एका चुकीची पिलावळ आहे.

गुण्यावर डोळे झाकून विश्वास

काटकोन तपासायचा नवा गुण्यासुद्धा चुकीचा असू शकतो. सरळ कडेच्या फळीवर गुण्या टेकवा, धारदार पेन्सिलीनं रेघ मारा, गुण्या उलटा करून त्याच ठिकाणाहून दुसरी रेघ मारा. रेघा एकमेकींवर बसल्या तर ठीक. टोकाला फाकल्या तर जितकं अंतर दिसेल त्याच्या निम्मी चूक गुण्यात आहे. फळीची कड सरळ नसेल तर ही चाचणी फसते, म्हणून आधी कड पाहा.

गुण्या बरोबर असला तरी स्लेडची फेन्स त्याच्या भरवशावर कायमची ठोकू नका. एका टोकाला एकच स्क्रू घाला, म्हणजे फेन्स त्याच्याभोवती फिरेल. दुसरं टोक क्लॅम्पनं धरा आणि पाच कापांची चाचणी घ्या. साधारण ४०० मिमी चौरस टाकाऊ प्लाय घ्या. एक बाजू कापा, कापलेली बाजू फेन्सला लावा, पुन्हा कापा. प्रत्येक वेळी तुकडा एकाच दिशेनं फिरवायचा. पाचव्या वेळी पहिलीच बाजू पात्यासमोर येते. या वेळी १५ मिमीच्या आसपास रुंदीची पट्टी काढा आणि तिची दोन्ही टोकं व्हर्निअर कॅलिपरनं मोजा.

समजा एक टोक १५.० आणि दुसरं १५.८ मिमी भरलं. फरक ०.८. फिरवताना चूक चारदा साठत गेली, म्हणून चारनं भागा: ४०० मिमी लांबीत खरी चूक ०.२ मिमी. फिरत्या स्क्रूपासून क्लॅम्पचं टोक ६०० मिमी लांब असेल तर तिथे ०.३ मिमी सरकवायचं. फेन्सच्या मागे एक ठोकळा घट्ट बांधला आणि मध्ये फीलर गेजचं (ठराविक जाडीच्या पातळ पत्र्यांच्या मापकाचं) पान धरलं की एवढं बारीक सरकवणं अवघड जात नाही. कुठल्या बाजूला सरकवायचं यावर फार डोकं चालवू नका. एकीकडे सरकवून पुन्हा पाच काप घ्या. फरक वाढला तर दुसरी बाजू बरोबर होती. फर्निचरच्या कामाला ४०० मिमीत ०.१ मिमीच्या आत चूक आली की थांबावं. त्यापुढची धडपड हौसेची. मग उरलेले स्क्रू घाला. गोंद इथे नकोच.

‘काल बरोबर कापत होती, आज नाही’

स्लेडबद्दल अशी तक्रार असेल तर आधी ब्रश घ्या. फेन्स आणि तळाच्या कोपऱ्यात भुसा दाबून बसला की तुकडा फेन्सला नीट टेकत नाही आणि काटकोन जातो. फेन्सच्या खालच्या कडेला २-३ मिमीची तिरपी खाच काढली तर भुशाला जागा मिळते. स्टॉप ब्लॉकही (तुकड्याची लांबी ठरवणारा ठोकळा) तळापासून थोडा उचलून बांधा, कारण त्याच्या पायाशी भुसा साठला तर प्रत्येक तुकडा आधीच्यापेक्षा आखूड निघतो.

भुसा नसेल तर रनर, म्हणजे टेबलच्या खाचेत सरकणारी स्लेडखालची पट्टी, तपासा. लाकूड लांबीत जवळपास हलत नाही, रुंदीत हलतं, आणि सगळ्या दिशांना सारखं हलत नाही. सागवान ओल्यापासून पूर्ण वाळेपर्यंत वर्तुळांच्या दिशेनं सुमारे ५.८ टक्के आकसतं, गाभ्यापासून सालीच्या दिशेनं सुमारे २.५ टक्के. हवा बदलून लाकडातला ओलावा ४ टक्क्यांनी वाढला, तर १९ मिमी रुंद रनर चुकीच्या दिशेनं कापलेला असल्यास जवळजवळ ०.१५ मिमी फुगतो, आणि खाचेत एवढं पुरतं अडकायला. तोच रनर टोकाकडून पाहिल्यावर वर्तुळाच्या रेषा उभ्या दिसतील असा कापला, तर वाढ ०.०६ मिमीच्या आसपास राहते.

अडकणारा रनर सगळीकडून घासू नका. खाचेच्या भिंतींवर पेन्सिलीचं शिसं फिरवा, स्लेड दोन-चारदा मागे-पुढे करा आणि रनरवर जिथे काळे डाग उठतील तेवढेच खरवडा. डाग फक्त स्क्रूंपाशीच उठत असतील तर लाकूड हवेनं फुगलेलं नाही. स्क्रूच्या डोक्यानं रनर बाजूंना फाकवला आहे. स्क्रू थोडा सैल करा, भोक मोठं करा. शेवटी मेण चोळा. सिलिकॉनचा स्प्रे मात्र नको. तो कामाच्या लाकडाला लागतो आणि पुढे त्या जागी पॉलिश धरत नाही.

इथे प्रयोग नकोत

पात्याच्या वाटेत एकही स्क्रू किंवा खिळा नको. फेन्स बसवण्याआधी कापाची रेघ आखून तिच्या दोन्ही बाजूंना मोकळा पट्टा सोडा. पातं फेन्सच्या मागे जिथून बाहेर येतं तिथे जाड ठोकळा बसवा, कारण ढकलणाऱ्या हाताचा अंगठा नेमका तिथेच जातो.

फेदरबोर्ड (लाकूड फेन्सला दाबून धरणारी, बोटांसारख्या काप्यांची फळी) पात्याच्या बरोबर बाजूला लावणं ही फार धोक्याची चूक. तो कापलेला तुकडा पात्यावर दाबतो, काप मिटतो आणि लाकूड उलटं अंगावर येतं. त्याची जागा पात्याच्या अलीकडे. त्याची बोटंही लाकडाच्या रेषांच्या दिशेनंच कापायची. आडव्या रेषांची बोटं पहिल्या दाबातच मोडतात. तसंच, रिप फेन्सचा (टेबलवरच्या, पात्याला समांतर पट्टीचा) स्टॉप म्हणून थेट वापर करून आडवा काप घेऊ नये. पातं आणि फेन्समध्ये सापडलेला तुकडा तिरका होऊन फेकला जातो. पुशस्टिक (लाकूड ढकलायची काठी) प्लायची करावी. लोखंडाची तर कधीच नको.

रंधा थरथरतो, ढलप्या अडकतात

थर चिकटवून केलेला लाकडी रंधा हे घरच्या कार्यशाळेतलं मला सगळ्यात आवडणारं काम, पण त्यात बैठकीकडे दुर्लक्ष झालं की रंधा लाकडावर थरथरत चालतो आणि मागे लाटा सोडतो. पातं आणि पाचर घट्ट बसवा आणि तोंडाशी पातळ कागदाची पट्टी पातं नि बैठक यांच्यामध्ये सरकते का ते पाहा. सरकली तर पातं धारेजवळ अधांतरी आहे. ४५ अंशांच्या त्या उतारावर मधोमध फुगवटा असेल तर तो खरवडून काढा. मधला किंचित खोलगटपणा चालतो. पाचरही खालच्या टोकाशी दाबली पाहिजे. ती वरच्या बाजूलाच घट्ट बसत असेल तर पात्याला खाली आधार राहत नाही.

तोंड आधीच रुंद कापून ठेवायचं नाही. रंधा चिकटवताना ते जवळजवळ बंद ठेवा, तळ सपाट करत आणा आणि धार बाहेर पडायला लागली की पुढची कड कानशीनं थोडी थोडी उघडा. तळ घासताना पाचर ठोकलेली असू द्या, पातं फक्त आत ओढून घ्या. पाचरीच्या ताणानं रंध्याचं अंग किंचित वाकतं आणि कामाच्या वेळी ते तसंच असणार. तोंड फारच मोठं झालं तर पुढे कडक लाकडाचा तुकडा बसवून पुन्हा उघडता येतं. ढलप्या अडकत असतील तर आधी टोपीच्या पात्याखाली (मुख्य पात्यावर बसणाऱ्या दुसऱ्या पात्याखाली) फट आहे का ते उजेडासमोर धरून बघा.

शूटिंग बोर्डचं दुखणं यापेक्षा साधं. ठेपेमागे कागदाची पट्टी सारली की कोन सुधारतो. झेरॉक्सचा कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो, आणि ठेप स्क्रूवर असेल तर एवढं पुरतं.

पोलादाला पाणी देताना

पाणी देणं म्हणजे पोलाद तापवून, विझवून कडक करणं. जुन्या कानशीला तशीच धार लावून पटाशी म्हणून वापरू नका. कानशीचं पोलाद फार कडक आणि ठिसूळ असतं. हातोड्याखाली त्याचे कपचे उडतात. जस्ताचा मुलामा असलेलं लोखंड तर तापवूच नका, धूर विषारी असतो.

ओ-१ जातीचं टूल स्टील घरच्या कामाला बरं. ते ७९० ते ८१५ अंश सेल्सिअसला तापवून तेलात विझवायचं. लोखंडाचं चुंबकत्व साधारण ७७० अंशांना जातं, म्हणून चुंबक चिकटेनासा झाल्यावर आणखी थोडं तापवायचं. पाण्यात विझवलं तर तडा जायची भीती. तेलात सरळ उभं बुडवा, बाजूला हलवलंत तर पातं वाकतं. तेल पेट घेऊ शकतं, म्हणून काम उघड्यावर, धातूच्या भांड्यात, झाकण हाताशी ठेवून.

तापवण्याआधी धार पूर्ण पातळ करणं ही नेहमीची चूक. कडेला १ मिमीच्या आसपास जाडी सोडा, कारण पातळ कड आधी जळते आणि वाकडी होते. विझवल्यावर कानस फिरवून पाहा. ती न कातरता घसरली तर पाणी बसलं. मग लगेच २०० अंशांच्या आसपास तासभर तापवायचं, घासून चकचकीत केलेल्या पृष्ठभागावर फिकट पिवळा रंग येतो. निळा आला तर पोलाद मऊ पडलं, त्याला पुन्हा पहिल्यापासून पाणी द्यावं लागेल. नंतर ग्राइंडरवर धार काढतानाही तोच निळा रंग उमटू शकतो. हात हलका ठेवा आणि पातं बोटांना कोमट लागलं की पाण्यात बुडवा.