पोलंडच्या आर्थिक संक्रमणाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्यांसाठी

वॉर्सामध्ये पदव्युत्तर शिक्षणासाठी गेलो तेव्हा भारतातल्या १९९१ च्या सुधारणा डोक्यात पक्क्या बसलेल्या होत्या, आणि पोलंडचे साम्यवादी अर्थव्यवस्थेकडून बाजार-अर्थव्यवस्थेकडे झालेले संक्रमण म्हणजे त्यांचीच अधिक घाईने केलेली आवृत्ती असावी, अशा समजुतीने मी पहिला निबंध लिहिला. प्राध्यापकांनी समासात एकच प्रश्न लिहून तो परत केला: मुंबईचा शेअर बाजार कधीचा? तो १८७५ चा, हे मला ठाऊक होते. वॉर्साचा बाजार मात्र महायुद्धानंतर थेट एप्रिल १९९१ मध्ये, पाच कंपन्यांवर आणि तोही कम्युनिस्ट पक्षाच्या जुन्या मुख्यालयात पुन्हा उघडला. आपण असलेल्या बाजारावरचे निर्बंध सैल केले, तिथे भांडवल बाजार नव्याने उभारावा लागला.

नव्याने येणाऱ्यांनी आधी सनावळ्या शेजारी शेजारी मांडाव्यात. अर्थमंत्री लेशेक बाल्त्सेरोविच यांचा बाजार-सुधारणांचा कार्यक्रम १ जानेवारी १९९० रोजी लागू झाला, त्या एका महिन्यात किमती सुमारे ८० टक्क्यांनी चढल्या आणि १९९२ पासून अर्थव्यवस्था पुन्हा वाढू लागली. युरोपीय संघाच्या सदस्यत्वाच्या अटी, म्हणजे कोपनहेगन निकष, ठरले ते मात्र जून १९९३ मध्ये. म्हणजे सर्वांत कठोर निर्णय युरोपीय संघाच्या अटींमुळे झाले, हे सर्रास केले जाणारे विधान टिकत नाही. संघाचा प्रभाव पुढे दिसतो: सप्टेंबर १९९३ मध्ये माजी कम्युनिस्ट निवडणूक जिंकून सत्तेत आले, तरी दिशा उलटली नाही, उलट एप्रिल १९९४ मध्ये सदस्यत्वाचा अर्ज त्याच आघाडीच्या सरकारने केला. १९९८ मध्ये वाटाघाटी सुरू झाल्या आणि १ मे २००४ रोजी प्रवेश झाला.

पोलिश भाषा निदान स्थानिक वृत्तपत्र वाचण्यापुरती तरी शिकावी, कारण इंग्रजी अहवालांत सरासरी सापडते, सरकारी शेते क्वचितच सापडतात. पोलंडमध्ये साम्यवादी काळातही बहुतेक शेतजमीन खासगी होती, पण उत्तर आणि पश्चिम भागांत मोठी सरकारी शेते होती आणि ती १९९१ नंतर मोडीत निघाली. अशा एका वस्तीत मी गेलो होतो. भर शेतात उभ्या चाळवजा इमारती, आणि ज्या शेतासाठी त्या बांधल्या, त्याचा मागमूस नाही. नोकरीबरोबर तिथले पाळणाघर आणि शहराकडे जाणारी बसही गेली होती. २००३ च्या सुमारास देशातली बेरोजगारी २० टक्क्यांच्या आसपास होती, आणि प्रवेशानंतर लाखो पोलिश लोक ब्रिटन-आयर्लंडला का गेले, याचा शोध मला या वस्त्यांपासूनच सुरू करावासा वाटला. प्रबंधाचा विषयही तिथेच ठरला.