क्रिप्ट आणि स्वोर्ड वेगळी करताना या चुका टाळा

‘काल क्रिप्ट वेगळी करून लावली, आता सगळी पानं विरघळायला लागली. पाण्यात काय टाकू?’ हा प्रश्न मला माशांच्या टँकमध्ये झाडं लावणाऱ्यांकडून सतत येतो. क्रिप्ट, म्हणजे क्रिप्टोकोरिन, आणि स्वोर्ड ही टँकमध्ये पाण्याखाली वाढवायची झाडं; गड्डा फोडून त्यांची नवी रोपं करतात. उत्तर ठरलेलं आहे: काहीही टाकू नका, विरघळलेली पानं तेवढी काढा आणि हात टँकच्या बाहेर ठेवा.

क्रिप्टोकोरिनची मुळं हलवली, पाणी बदललं किंवा लाइट एकदम वाढवला, की ती पानं टाकून देते. यालाच मेल्ट म्हणतात. नवखा माणूस इथे घाबरतो, कारण त्याच्या लेखी झाड म्हणजे पानं. पण या झाडाचा जीव रेतीखालच्या खोडात असतो. आपल्या कोकणात आणि गोव्यात ओढ्याकाठी, भातखाचरांत स्पायरॅलिस नावाची क्रिप्ट वाढते. तिथे पाणी चढतं-उतरतं, पानं जातात, पुन्हा येतात. खोड शाबूत असलं की झाड शाबूत.

ठाण्यातल्या एका ओळखीच्या मुलाकडे वेंडटी ब्राऊनचा सुंदर जुना गड्डा होता. मूळची श्रीलंकेची ही क्रिप्ट, फार सोशिक. त्याने एका दुपारी सगळा गड्डा उपटला, सुटे तुकडे केले आणि टँकभर लावले. चार दिवसांत पानं पारदर्शक, बुळबुळीत. मग त्याने खत घातलं, लाइटचे तास वाढवले, त्यामुळे शेवाळ आलं. तरी पानं फुटेनात, म्हणून मुळं धरली का ते बघायला एकेक तुकडा उपटून परत खोचायला लागला. शेवटी सगळं बादलीत काढलं आणि मला फोन केला.

बादलीतला एकेक तुकडा नखाने दाबून पाहिला. बरेचसे टणक होते, आतून पांढरट, आणि टोकाला तांदळाच्या दाण्याएवढा तांबूस कोंब. मऊ पडून सडक्या अंड्यासारखा वास मारणारे तुकडे थोडेच, आणि ते नेमके त्याने सगळ्यात जास्त वेळा उपसलेले. प्रत्येक वेळी नवी बारीक मुळं तुटत होती. टणक तुकडे साध्या रेतीत लावून तो टब एका कोपऱ्यात ठेवायला लावला. महिन्याभरात पानं दिसू लागली. फेकण्याआधी नखाने दाबून बघा, एवढंच माझं सगळ्यांना सांगणं असतं.

मुळात इतके बारीक तुकडे करायचेच कशाला? एका पॉटची वीस रोपं करून दाखवणारे व्हिडिओ बघून लोक हात घालतात. केळीचा मुनवा काढताना आपण कंदाचा भाग सोबत घेतोच ना? इथेही तसंच. प्रत्येक भागाला खोडाचा तुकडा, स्वतःची मुळं आणि तीन-चार पानं हवीत. मी तर गड्डा पूर्ण उपटतच नाही. कडेची पिल्लं जागेवरच ब्लेडने सोडवतो, आईला धक्का लावत नाही आणि अर्धा गड्डा कायम तसाच ठेवतो.

दुसरी चूक खोलीची, आणि हिच्यामुळे मेल्टपेक्षा जास्त झाडं मरतात. रोप तरंगून वर येतं म्हणून लोक ते पार पानांच्या देठांपर्यंत गाडतात. पांढरी मुळं संपून हिरवी पानं जिथून सुटतात तो गाभा, म्हणजे क्राऊन, रेतीत गेला की आतून कुजतो. पानं वरवर ठीक दिसतात आणि एक दिवस आख्खा झुपका हातात येतो. रोप तरंगतं ते लांब मुळांचा गुंता रेतीत नीट न गेल्यामुळे. मी मुळं दोन इंचांवर सरळ कापतो, चिमट्याने रोप हवं त्यापेक्षा खोल खोचतो आणि मग क्राऊन रेतीच्या वर दिसेपर्यंत हलकेच वर ओढतो. मुळं आपोआप खाली वळतात, रोप हलत नाही.

ॲमेझॉन स्वोर्डला एकच गाभा असेल तर तो मधून चिरू नका, दोन्ही अर्धे जातात. जुन्या झाडाच्या खोडाला बाजूचे फुटवे आले असतील तरच ते वेगळे करा. नाहीतर फुलाच्या दांड्यावर पिल्लं येतात त्यांची वाट बघा. चार-पाच पानं आणि दोन इंच मुळं झाल्याशिवाय पिल्लू तोडू नये. दोन पानांचं पिल्लू तोडून ते विकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

बोथट कात्री खोड कापत नाही, चेचते. नवीन ब्लेड घ्या.

रूट टॅब, म्हणजे मुळांशी रेतीत खोचायची खताची गोळी, रोप लावल्या दिवशी नको, पहिलं नवं पान उघडल्यावर द्या.

एप्रिल-मे मध्ये टँकचं पाणी तीस अंशांच्या वर जातं, तेव्हा गड्ड्याची वाटणी टाळा. मी पाऊस लागेपर्यंत थांबतो.

व्हॅलिस्नेरिया, म्हणजे व्हॅल, हे टँकमधलं लांब पात्यांचं झाड. त्याचा रनर, म्हणजे पिल्लाला आईशी जोडणारा आडवा देठ, पिल्लाने मुळं धरल्यावरच कापा. आणि ज्या टँकमध्ये व्हॅल आहे तिथे लिक्विड कार्बनची, म्हणजे झाडांना कार्बन मिळावा म्हणून पाण्यात ओतायच्या औषधाची, बाटली उघडूच नका. त्याने व्हॅल खरोखर मरते, आणि ते मेल्ट समजून लोक आणखी एक झाकण ओततात.