इंडक्शन घेताय? आधी फ्रिजवरचं चुंबक काढा

गॅस सोडून इंडक्शन शेगडीवर आलं की कळतं, घरातली बरीच भांडी तिच्यावर तापतच नाहीत. मग घाईघाईनं नवा संच घेतला जातो. तो खर्च बऱ्याच अंशी टळतो.

1. फ्रिजवरचं चुंबक प्रत्येक भांड्याच्या तळाला, अगदी मधोमध लावा. घट्ट धरलं तर भांडं चालतं. निसटत असेल तर बाजूला ठेवा.
2. भांडं ओट्यावर ठेवून डुगडुगतं का बघा. तळ सपाटच हवा. खोलगट लोखंडी कढई चुंबक धरते, पण इथे नीट तापत नाही.

ॲल्युमिनियमचा साधा कुकर, तांब्या-पितळेची पातेली बाद. स्टीलचं मात्र सांगता येत नाही. आमच्याकडे दिसायला सारखीच दोन पातेली होती, एकाला चुंबक चिकटलं, दुसऱ्याला नाही! आईचा सपाट बिडाचा तवा मात्र पास झाला, याचा मला फार आनंद झाला. शेवटी फक्त कुकर आणि पोह्यांसाठी एक कढई घ्यावी लागली. इंदूरच्या बर्तन बाजारात जातानाही चुंबक खिशात ठेवा, दुकानातच लावून बघा.

जपायचं ते प्लगला. 2000 वॅटची शेगडी 230 व्होल्टवर जवळजवळ 9 अँपिअर घेते. 6 अँपिअरच्या लहान सॉकेटवर किंवा एक्स्टेंशन बोर्डावर ती लावू नका. अर्थिंग असलेला 16 अँपिअरचा पॉइंट इलेक्ट्रिशियनकडून आधी करून घ्या.