जुना स्टिरिओ दहा हजारांच्या आत नव्याने वाजता करताना

माळ्यावर पडलेला पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा अँप्लिफायर आणि लाकडी खोक्यांच्या स्पीकरची जोडी घरात असेल, तर निम्मं काम झालेलंच आहे. बहुतेक लोक आधी अँप बदलतात आणि आवाजात फरक पडला नाही म्हणून हिरमुसतात. धड स्थितीतल्या दोन अँपमधला फरक कानाला जेमतेम कळतो. स्पीकर कुठे ठेवलेत, त्यांच्या पडद्याच्या कडेचा फोम शाबूत आहे का आणि खोली किती घुमते, याचा फरक मात्र दारातून आत येणाऱ्यालाही कळतो. म्हणून आधी जागा, मग दुरुस्ती, मग वायर आणि गाणं जिथून येतं ते, त्यानंतर स्पीकर, आणि अँप सगळ्यांत शेवटी.

जागेला पैसे लागत नाहीत. दोन स्पीकर आणि तुमचं बसायचं ठिकाण यांचा साधारण समभुज त्रिकोण व्हायला हवा. स्पीकर एकमेकांपासून सहा फुटांवर असतील तर तुम्हीही तेवढ्याच अंतरावर बसा. ट्वीटर (खोक्यातला उंच सूर वाजवणारा छोटा स्पीकर) बसलेल्या माणसाच्या कानाच्या पातळीवर, म्हणजे जमिनीपासून ९० ते १०० सेंटिमीटरवर येऊ द्या. शोकेसच्या कप्प्यात कोंबलेला किंवा कपाटावर चढवलेला स्पीकर कितीही महाग असला तरी तिथे गुदमरतो. मागच्या भिंतीपासून दीड-दोन फूट जागा सोडा आणि कोपरा टाळा, कारण कोपऱ्यात खर्ज फुगतो.

तपासायला तानपुरा आणि तबला असलेलं, ओळखीचं गाणं लावा. डग्ग्याचा प्रत्येक ठोका वेगळा ऐकू आला पाहिजे. सगळे ठोके एकाच सुरात ‘भूंऽ भूंऽ’ करत असतील, तर स्पीकर चार-चार इंच पुढे ओढत ऐका. बैठकही सरकवून बघा. १२ फूट लांबीच्या खोलीत ४७ हर्ट्झच्या आसपासचा खर्ज भिंतींलगत फुगतो आणि खोलीच्या बरोबर मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. त्यामुळे सोफा भिंतीला टेकलेला नको आणि मधोमधही नको.

आपल्या हॉलमध्ये खाली लादी, चारही बाजूंना उघड्या भिंती. एक टाळी वाजवा. मागोमाग ‘टर्रर्र’ असा नाद आला तर खोली उघडी आहे. समोर जाड सतरंजी, खिडकीला जाड पडदा आणि बाजूच्या भिंतीवर एखादी गोधडी एवढ्याने शब्द स्पष्ट होतात. गोधडी कुठे लावायची ते असं शोधा: तुम्ही जागेवर बसा, दुसऱ्या कुणाला तरी भिंतीलगत आरसा सरकवायला सांगा, आणि आरशात स्पीकर दिसेल तिथे गोधडी टांगा.

आता स्पीकर उघडून बघा. वूफरची, म्हणजे खर्ज वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरची, जाळी काढून कोनच्या (हलणाऱ्या शंकूसारख्या पडद्याच्या) कडेचा फोम बोटाने हलकेच दाबा. बोटाला चिकट काळा भुगा लागला तर फोम संपलेला आहे. दमट हवेत हा फोम न वापरताही कुजतो, कोकणात आणि मुंबईत तर लवकरच. स्पीकर मात्र फेकू नका, बाकीचा वूफर बहुतेकदा ठणठणीत असतो. मल्टिमीटर ओहमवर ठेवून वायर सोडवलेला वूफर मोजा. ८ ओहमचा साधारण साडेपाच ते सात दाखवतो, ४ ओहमचा तीन ते साडेतीन. काहीच दाखवत नसेल तर कॉइल, म्हणजे कोनमागची तारेची गुंडाळी, तुटलेली आहे.

नवीन फोम नुसतं ‘८ इंची’ म्हणून मागू नका. कोनचा बाहेरचा व्यास आणि फ्रेमवर चिकटणाऱ्या कडेचा आतला-बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजून न्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेत स्पीकरच्या सुट्या भागांची विचारपूस करता येते. रबराची कड दमट हवेत जास्त टिकते, पण ती फोमपेक्षा कडक असली तर खर्ज कमी होतो. शक्यतो मूळचाच प्रकार घ्या.

जुना फोम आणि गोंद बोथट सुरीने खरवडा, उरलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. कोन कागदी असेल तर बोळा अगदी थोडाच ओला करा. कागदी कोनला पांढरा फेविकॉलसारखा गोंद चालतो आणि तो हळू सुकत असल्याने फोम नीट बसवायला वेळ मिळतो. प्लॅस्टिकच्या कोनला तो धरत नाही, तिथे रबरी चिकटवणी लागते. आधी फोम फक्त कोनला चिकटवा आणि पूर्ण एक दिवस जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी फ्रेमच्या कडेला गोंद लावून फोम टेकवा. मग चार बोटं मधल्या टोपीभोवती समान अंतरावर ठेवून कोन अलगद आत-बाहेर करा. ‘खर्र’ असा बारीक आवाज आला तर कॉइल चुंबकाला घासते आहे. ज्या बाजूने आवाज येतो तिकडचा फोम केसभर सरकवा, पुन्हा दाबा, पुन्हा ऐका. गोंद धरेपर्यंत दर पाच मिनिटांनी हे करत राहा. इथे घाई झाली की स्पीकर कायमचा खरखरतो, आणि चिकटलेला फोम फाडून पुन्हा पहिल्यापासून सगळं करावं लागतं.

स्पीकरच्या आत ट्वीटरच्या वाटेवरचा छोटा कपॅसिटरही बघा. जुना इलेक्ट्रोलिटिक सुकलेला असला तर ट्वीटर दबका वाजतो. त्याच मायक्रोफॅराडचा, १०० व्होल्टचा पॉलिएस्टर कपॅसिटर सोल्डर करून टाका, आणि दोन्ही स्पीकरमध्ये एकदमच बदला.

अँपचा व्हॉल्यूम फिरवताना खरखर होत असेल तर पॉटच्या (बटणामागच्या फिरत्या भागाच्या) फटीत कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून बटण वीस-तीस वेळा पूर्ण फिरवा. गंज सोडवायचा साधा स्प्रे नको, त्याचं तेल आत राहून धूळ धरतं. झाकण उघडण्याआधी प्लग काढाच. मोठ्या कपॅसिटरमध्ये त्यानंतरही वीज साठलेली असते. १०० ओहम, १० वॅटचा रेझिस्टर त्याच्या दोन टोकांना दहा सेकंद लावून ती उतरवा आणि मीटरने खात्री करा. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करायची सवय वाईट आहे. २३० व्होल्टच्या बाजूला हात घालायची सवय नसेल तर हे काम मेकॅनिकलाच द्या.

माळ्यावरून काढलेल्या अँपला थेट स्पीकर जोडू नका. व्हॉल्यूम शून्यावर ठेवून अँप चालू करा, पाच मिनिटं थांबा आणि स्पीकरच्या टर्मिनलवर डीसी व्होल्टेज मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर निर्धास्त जोडा. एक-दोन व्होल्ट किंवा जास्त दिसलं तर आऊटपुट ट्रान्झिस्टर गेलेला असू शकतो आणि तुमच्या नव्या फोमचा वूफर जळू शकतो.

सतत ‘हूंऽ’ येत असेल तर इनपुटच्या वायरी एकेक काढत जा. सेट-टॉप बॉक्सची काढल्यावर आवाज थांबला तर दोष अर्थिंगच्या लूपचा आहे, सगळं एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्या. सगळं काढूनही हम राहिला तर बहुधा फिल्टरचे मोठे कपॅसिटर सुकलेत. तेवढ्याच क्षमतेचे, तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचे घाला. हम घालवायला प्लगची अर्थची पिन मात्र कधीच काढू नका.

वायरवर फार खर्च नको. विजेच्या दुकानातली १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची लवचिक वायर पाच मीटरपर्यंत पुरते. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर स्वस्त मिळते, तिचा एक धागा ब्लेडने खरवडला की आतून पांढरा दिसतो. ती घेऊ नका.

जोडताना लाल-काळं दोन्हीकडे सारखंच. खात्री नसेल तर वायर अँपपासून सोडवा आणि १.५ व्होल्टचा सेल तिच्या टोकांना क्षणभर टेकवा, प्लस लाल वायरला. दोन्ही वूफर एकाच दिशेला हलले पाहिजेत. एक पुढे आणि एक मागे गेला तर खर्ज नाहीसा होतो आणि गायकाचा आवाज मधोमध न येता खोलीभर विखुरतो.

गाणं फोनवरून येत असेल तर ब्ल्यूटूथऐवजी यूएसबी-सीची छोटी डोंगल डॅक (फोनमधलं डिजिटल गाणं अँपला चालेल अशा सिग्नलमध्ये बदलणारी) आणि तिथून अँपमागच्या गोल सॉकेटपर्यंत ३.५ मिलिमीटर ते आरसीए केबल घ्या. फोनचा व्हॉल्यूम जवळजवळ पूर्ण ठेवा आणि कमी-जास्त अँपवर करा. उलट केलं तर अँपची स्वतःची फुसफुस वाढते.

स्पीकर मुळातच गेले असतील तर बजेटचा निम्म्याहून मोठा वाटा नव्या जोडीला द्या. साडेसहा इंची वूफरची वापरलेली बुकशेल्फ जोडी चांगली. विकत घेताना फोम दाबून आणि मीटर लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि दोन्ही ट्वीटर कान लावून वेगवेगळे ऐका.

अँप घ्यायचाच असेल तर खोक्यावरचा पीएमपीओ हा फुगवलेला आकडा विसरा, आरएमएस म्हणजे सतत मिळणारे खरे वॅट विचारा. ८६ डेसिबल संवेदनशीलतेच्या (एक वॅटला एक मीटरवर तेवढा आवाज देणाऱ्या) प्रत्येक स्पीकरला १६ वॅट दिले की दोन मीटरवर, दोन्ही स्पीकर मिळून, ९५ डेसिबलच्या आसपास आवाज होतो. फ्लॅटमध्ये एवढा शेजारी सहन करणार नाहीत. म्हणजे ३० खरे वॅट भरपूर. टीपीए३११६ चिपचा छोटा अँप २४ व्होल्ट, ५ अँपिअरच्या सप्लायवर हे काम चोख करतो. एक पथ्य पाळा: त्याच्या दोन्ही स्पीकरच्या काळ्या वायरी एकमेकींना किंवा अर्थला जोडू नका, त्या ग्राउंड नसतात. आणि आवाज फाटायला लागला की लगेच कमी करा. लहान अँप ताणून वाजवला की फाटलेल्या आवाजाने आधी ट्वीटर जळतो.

सगळं जमून आल्यावर स्पीकरच्या चारही कोपऱ्यांशी लादीवर छोट्या टेपच्या खुणा करून ठेवा. लादी पुसताना ते रोज बोटभर सरकतात, आणि महिन्याभरात पुन्हा भिंतीला टेकलेले सापडतात.