काळ्या जमिनीची जलधारणा पीक मॉडेलसाठी कशी ठरवावी

अ‍ॅक्वाक्रॉप असो वा डीसॅट, पीक मॉडेलला (पिकाची वाढ संगणकावर मांडणाऱ्या प्रोग्रामला) जमिनीच्या प्रत्येक थरासाठी मुख्यतः दोन आकडे लागतात: पाणी निथरून वाफसा आल्यावर थरात उरणारा ओलावा, म्हणजे क्षेत्रीय जलधारण क्षमता, आणि मुळांना आणखी पाणी ओढता येईनासे होते तेव्हाचा ओलावा, म्हणजे कायम कोमेज बिंदू. या दोहोंमधले पाणी तेवढे पिकाचे.

सोपी वाट समीकरणांची आहे. वाळू, चिकणकण व सेंद्रिय पदार्थ यांची टक्केवारी दिली की सॅक्स्टन व रॉल्स यांची २००६ ची समीकरणे दोन्ही आकडे देतात. मृदा आरोग्य पत्रिकेत सेंद्रिय कर्ब असतो (त्याला १.७२ ने गुणल्यास सेंद्रिय पदार्थ मिळतो), पण कणांचे प्रमाण नसते, ते प्रयोगशाळेकडून वेगळे मागवावे. मात्र ही समीकरणे अमेरिकी मातीच्या नमुन्यांवर बेतलेली आहेत, त्यामुळे फुगणाऱ्या-भेगाळणाऱ्या भारी काळ्या जमिनीत ती अंदाजापुरतीच धरावीत.

म्हणून वरची मर्यादा, म्हणजे क्षेत्रीय जलधारण क्षमता, शेतातच मोजावी. दोन मीटर चौरस जागेला बांध घालून, पाणी खोलवर मुरेपर्यंत ती भरत राहावी. मग प्लास्टिक व त्यावर कडबा अंथरून बाष्पीभवन रोखावे. भारी जमिनीत निचऱ्याला आठवडाही लागतो, तेव्हा लागोपाठच्या दोन दिवसांच्या नमुन्यांत फरक जवळजवळ उरला नाही की धातूच्या नळीने प्रत्येक थराचा नमुना काढावा आणि १०५ अंश सेल्सिअसला २४ तास सुकवावा. समजा, ९८ घन सेंटिमीटरच्या नळीतली माती ओली १६० ग्रॅम व सुकी १२२ ग्रॅम भरली, तर स्थूल घनता (सुके वजन भागिले नळीचे आकारमान) १.२४ आणि आकारमानाने ओलावा ३९ टक्के.

खालच्या मर्यादेसाठी, म्हणजे कोमेज बिंदूसाठी, कोरडवाहू रब्बी ज्वारीसारखा मापक नाही. साठलेल्या ओलीवर वाढून ती काढणीला आली की त्याच थरांचे नमुने घ्यावेत. मधल्या थरात वजनाने १९ टक्के ओलावा निघाला, तर त्याला १.२४ नेच गुणावे, कारण सुकून आकसलेल्या ढेकळाची घनता जास्त भरते आणि इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. उत्तर सुमारे २४ टक्के येते. वरच्या पंधरा-वीस सेंटिमीटरचा आकडा मात्र घेऊ नये. तिथली ओल भेगांतून आणि उन्हाने कोमेज बिंदूच्याही खाली गेलेली असते, त्यामुळे तेवढ्या थरापुरते समीकरणच बरे.

या उदाहरणात फरक १५ टक्के, म्हणजे ६० सेंटिमीटर खोलीत ९० मिलिमीटर पाणी. पाच टक्क्यांची चूक झाली तर ३० मिलिमीटर इकडचे तिकडे होते, आणि पीक रोज ५ मिलिमीटर वापरत असेल तर मॉडेलमधला ताण सहा दिवस आधी किंवा उशिरा येतो.

उरला संपृक्त ओलावा, म्हणजे मातीतल्या सगळ्या पोकळ्या पाण्याने भरल्यावरचा. स्थूल घनता मातीच्या कणांच्या घनतेने, म्हणजे २.६५ ने, भागून एकातून वजा केल्यास ५३ टक्के येतात, पण काही हवा अडकून राहतेच. मॉडेलमध्ये ५० लिहावेत.